रकाना चौदा : दुसरी व्यक्ती

प्रति,
माननीय मान्यता अधिकारी,
पोषण साहाय्य योजना (किरकोळ दुकाने),
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : दुकान मान्यतेच्या अर्जातील रकाना क्र. १४ मध्ये अर्जदाराने यापूर्वी दिलेली चुकीची माहिती दुरुस्त करून घेणेबाबत, तसेच संमतिपत्राचा कोरा नमुना कार्यालयामार्फत एका व्यक्तीस पाठवणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मूळ अर्ज. २) आपल्या कार्यालयाची त्रुटिपत्रे, एकूण तीन. ३) खिडकी क्र. ३ वर झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

अर्ज लांबला आहे याची अर्जदारास जाणीव आहे. थोडक्यात लिहून तीन वेळा पाहिले; तिन्ही वेळा परत आले. म्हणून या खेपेस सगळे लिहीत आहे.

१. अर्जदार (स्त्री, वय ५८) ही उताराच्या गल्लीच्या तोंडाशी, छत्री दुरुस्तीच्या टपरीला लागून असलेले किराणा व भाजीचे दुकान चालवते. दुकान वडिलांनी थाटले. अर्जदार दुकानाच्या वरच्याच खोलीत राहते. एकटीच शटर वर करते, एकटीच झाडलोट करते, आणि ज्या दिवशी कोणीच आत येत नाही त्या दिवशी संध्याकाळी तिला स्वतःचाच आवाज घोगरा लागतो, कारण सकाळपासून तो वापरलेला नसतो.

२. ज्या घरांत लहान मुले किंवा बाळंतीण आहे त्या घरांना आपल्या योजनेचे कार्ड मिळाले, ही फार चांगली गोष्ट झाली. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु कार्ड फक्त मान्यताप्राप्त दुकानात चालते, आणि तसे सर्वांत जवळचे दुकान पुलापलीकडे, दोन बस बदलून आहे. गल्लीतील जुळ्यांची आई पूर्वी रोज येई. एक पोर काखेत, एक पदराला. आता ती आठवड्यातून एकदा दोन्ही पोरे आणि चार पिशव्या सांभाळत पुलापलीकडे जाते, आणि परतताना या दुकानासमोरून मान खाली घालून, चोरी केल्यासारखी जाते. अर्जदाराने तिला एकदा हाक मारली, “अगं, वर बघून चाल, ठेच लागेल. मी काय तुला खाणार आहे?” त्यावर ती म्हणाली, “मावशी, तुमच्याकडे कार्ड चालू झालं की पहिली मी. पोरांची शपथ.”

आपल्या परिपत्रकाप्रमाणे येत्या तीस तारखेला सगळी कार्डे तीन वर्षांसाठी एकेका दुकानाशी जोडली जाणार आहेत. तोवर या दुकानास मान्यता न मिळाल्यास गल्लीतली कार्डाची सगळी घरे पुलापलीकडच्या दुकानाशी बांधली जातील आणि अर्जदारास दुकान कायमचे बंद करावे लागेल. पोटापुरते अर्जदाराकडे आहे. पण दुकान बंद झाले तर तिच्या दारात यायला कोणालाही काही कारण उरणार नाही, एवढे कार्यालयाने ध्यानात घ्यावे.

३. मान्यतेच्या अटी सोळा. त्यांपैकी पंधरा पूर्ण आहेत. चार अन्नगट, प्रत्येकात किमान तीन प्रकार, त्यातले दोन गट नाशवंत मालाचे, आणि तो माल तपासणीच्या दिवशी ताजा हवा. तपासणीचा दिवस आधी कळवत नाहीत. म्हणून अर्जदार गेले चार महिने रोजच तपासणी आहे असे धरून माल लावते. पालक, गाजर, कोबी. दूध, दही, लोणी. घेणारे कोणी नाही, तेव्हा खराब होण्याआधी तो माल अर्जदारच शिजवून खाते. कोबीचा आख्खा गड्डा एकट्या माणसाला तीन दिवस पुरतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघवत नाही. तरीही, या परिसरात योजनेने कोणाचे पोषण झाले असेल तर ते अर्जदाराचे झाले असून, अंगात रक्त वाढल्याचे डॉक्टरीणबाई सांगतात.

तपासणीस साहेब एकदाच आले. त्यांनी तोलकाट्याचा शिक्का पाहिला, फ्रिजमध्ये तापमापक ठेवला, दाराची रुंदी टेपने मोजली. तापमापकाचा आकडा स्थिर व्हायला अर्धा तास लागतो असे म्हणून ते स्टुलावर बसले. पाणी प्यायले. त्यांच्या मुलीला गणित जमत नाही, असे बोलण्यात आले. गेल्या वर्षभरात दुकानात अर्धा तास बसलेला माणूस तो एकच. सबब त्यांच्या अहवालाविरुद्ध अर्जदाराचे काही म्हणणे नाही.

४. अडले आहे ते रकाना चौदाशी. तो असा : “दुकानदाराच्या गैरहजेरीत दुकान सांभाळणारी दुसरी व्यक्ती. नाव. वय. अर्जदाराशी नाते. संमती व सही.” दुकानदार आजारी पडला म्हणून कार्डधारकाने हात हलवत परत जाऊ नये, हा अटीचा हेतू रास्त आहे. मागच्या थंडीत अर्जदार तापाने तीन दिवस अंथरुणावर होती. शटर तीन दिवस खाली होते. ते का खाली आहे हे विचारायला जिना चढून कोणी आले नाही.

पहिल्या वेळी अर्जदाराने तो रकाना कोरा ठेवला. त्रुटिपत्र आले : “रकाना कोरा.” दुसऱ्या वेळी “नाही” असे लिहिले. त्रुटिपत्र आले : “‘नाही’ हे व्यक्तीचे नाव दिसत नाही.” तिसऱ्या वेळी, शिकलेल्या माणसाला विचारून, “लागू नाही” असे लिहिले. त्रुटिपत्र आले : “लागू नसल्याचा दाखला जोडावा.”

खिडकी क्र. ३ वरचे कारकून स्वभावाने बरे आहेत. ते म्हणाले, “सोपं आहे बाई. तुम्हाला जवळचं कोणी नाही असा दाखला करा. खाली दोघांच्या सह्या घ्या. अट एवढीच की ते दोघं तुम्हाला दहा वर्षं जवळून ओळखणारे हवेत.”

अर्जदार म्हणाली, “इतकं जवळून ओळखणारे दोघं असते, तर दाखला कशाला लागला असता?”

कारकुनांनी चष्मा काढला, नियम पुन्हा वाचला, चष्मा घातला. “तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण नमुन्यात बसत नाही.” मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी, आमचा नंबर कधी, असे विचारल्याने बोलणे तेथेच थांबले.

५. दहा वर्षे ओळखणारे दोघे शोधल्यावर सापडले. एक, शेजारचे छत्रीवाले दादा. दुसरी, आमच्या भागाची टपालवाली. दुसरी व्यक्ती म्हणून यांपैकी कोणीही चालत नाही, कारण छत्रीवाल्यांच्या नावे स्वतःच्या टपरीचा परवाना आहे आणि टपालवाली सरकारी नोकर. साक्षीला मात्र दोघेही चालतात.

छत्रीवाल्यांनी दाखला उन्हात धरून मोठ्याने वाचला. “‘सदर बाईंना जवळचे असे कोणीही नाही.’ यावर मी सही करू? मग धाकटी काय आभाळातून पडली होती?”

“ती येत नाही, दादा.”

“न येणं वेगळं, नसणं वेगळं. मी मोडक्या काड्या जोडतो बाई. खोटं जोडून देत नाही.”

कागद त्यांनी सही न करता परत दिला. पेनही परत दिले.

६. सबब अर्जदार या अर्जाद्वारे कबूल करते की रकाना चौदामध्ये तिने “नाही” आणि “लागू नाही” असे जे लिहिले ते खरे नव्हते. अर्जदारास पाठची बहीण आहे. वय ५४. तिला सगळे धाकटीच म्हणतात.

वडील गेल्यावर दोघी बहिणींनी हे दुकान बावीस वर्षे चालवले. अर्जदार हिशेबाला, धाकटी तोलायला. तेव्हा दोन पारड्यांचा तराजू होता. आई पारडी चिंचेने घासताना स्वतःच रचलेले काहीबाही म्हणत असे :

दोन गं पारडी, एका दांडीला टांगली
एक वर जाता, दुजी खाली गं वाकली

कार्यालयाच्या दृष्टीने हा पुरावा होत नाही हे अर्जदार जाणते. पण धाकटीचा स्वभाव याहून नेमका सांगता येत नाही. अर्जदाराचा आवाज चढला की ती खाली वाकायची. पडलेले चार दाणे वेचते आहे असे दाखवून हसू लपवायची. तिला एकच खोड होती. तोलून झाले, काटा बरोबर मध्यावर आला, की ती वरून एक मूठ घालायची. डाळ असो, तांदूळ असो, शेंगा असोत. लेकुरवाळी बाई असली तर दोन मुठी.

नऊ वर्षांपूर्वी, चार गिऱ्हाइकांदेखत, अर्जदार तिच्यावर ओरडली, “एवढं वाटत सुटायला दुकान काय तुझ्या बापाचं आहे?”

हे वाक्य माणूस बोलून जातो, ऐकत नाही. कोणीतरी फिसकन हसले तेव्हा अर्जदारास ते ऐकू आले. धाकटीने हातातली मूठ पोत्यात परत सोडली, तळवे झटकले आणि म्हणाली, “हो ताई. माझ्याच बापाचं आहे. तुझ्या कोणाचं?”

त्या वेळी हसायला हवे होते. दोघी हसल्या असत्या, गिऱ्हाइके हसली असती, आणि वर्षानुवर्षे तीच गोष्ट पाहुण्यांना सांगून पुन्हा हसता आले असते. अर्जदार हसली नाही. ती म्हणाली, “पुढचं कोण?”

धाकटीने काउंटरखालच्या चपला घेतल्या. पायांत न घालता, हातात धरूनच ती उतार उतरून गेली.

७. ती आता पुलापलीकडे इस्त्रीच्या दुकानात काम करते. अर्जदाराने तिला तीन पत्रे पाठवली. तिन्ही परत आली. तीनही वेळा नेणारी आणि आणणारी वर उल्लेखिलेली टपालवालीच; तिला पलीकडचाही भाग आहे. अर्जदाराने विचारले, “काय म्हणते गं ती?”

“काही म्हणत नाही हो. पाकीट हातात घेते, अक्षर बघते. पत्त्यावरून बोट फिरवते. मग म्हणते, परत घेऊन जा.”

“किती वेळ फिरवते बोट?”

“आता ते काय मोजलंय का मी, ताई? पण मला पुढच्या घरी जायला उशीर झाला, एवढं खरं.”

समक्ष जाऊन का भेटत नाही, असे आपण विचाराल. अर्जदार दोनदा गेली. दोन बस बदलून गेली. समोरच्या फुटपाथावर उभी राहिली. धाकटी आत कपड्यांवर पाणी शिंपडत होती, बोटे एकदम उघडून, जशी ती आमच्या पालकाच्या जुड्यांवर शिंपडायची तशीच. केस पिकलेत. अर्जदार आली त्याच बसने परत आली. चालकाने ओळखले देखील. परत का आलात, याचे कारण नमूद करण्यासाठी नमुन्यात रकाना नाही, आणि असता तरी अर्जदाराकडून तो कोराच राहिला असता.

८. टपालवालीचे म्हणणे असे की सरकारी पाकीट कोणी परत करत नाही. घाबरत का होईना, लोक हात पुसून सही करून घेतात. यावरून अर्जदाराच्या मनात आलेली विनंती पुढीलप्रमाणे.

रकाना चौदाच्या संमतिपत्राचा कोरा नमुना कार्यालयाने आपल्या पाकिटातून, आपल्या शिक्क्यानिशी, अर्जदाराच्या बहिणीस पाठवावा. पत्ता अर्जदाराच्या अक्षरात नसावा. सोबत अर्जदाराची चिठ्ठी, निरोप, विनवणी काही नसावे. असे काही लिहून पाठवण्याचा अर्जदाराने मोह केला तरी ते काढून टाकावे. दुकानाचा पत्ता मात्र ठळक छापावा. तो तिला पाठ आहे, तरी छापावा.

खोटी माहिती दिल्याबद्दल नियमाप्रमाणे जी समज द्यायची ती लेखी द्यावी. अर्जदार ती दुकानात दर्शनी लावील.

तीस तारखेच्या आत उत्तर यावे ही अपेक्षा आहे, पण धाकटीला घाई करू नये. घाई केली की ती गप्प बसते. संमतीपुढे तिने “नाही” लिहिले तर अर्जदाराचा मूळ अर्ज निकाली काढावा. शटर खाली येईल, आणि फेरविचाराचा अर्ज कार्यालयास येणार नाही. परंतु “अर्जदाराशी नाते” हा रकाना कार्यालयाने आधी भरून पाठवू नये. तो तिचा तिला भरू द्यावा. तिने तो कोरा सोडला, तर तो कागद अपुरा समजून, आपल्या कार्यालयाच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, त्रुटिपत्र लावून तिच्याकडे परत पाठवावा. पुन्हा कोरा आला, तर पुन्हा पाठवावा. तीस तारीख उलटली तरी पाठवत राहावा.

आपल्या पाकिटावर भिस्त ठेवून असलेली,

(सही)
अर्जदार

दिनांक : चालू महिन्याची नऊ

सोबत :
१) त्रुटिपत्रे, तीन.
२) जवळचे कोणी नसल्याचा दाखला, सह्या नसलेला. रद्द समजावा.
३) बहिणीचा पत्ता, टपालवालीच्या अक्षरात.