हरीच्या उशाशी ताडी

बाळाराम, माझ्या लाडक्या भावा,

तू गेल्यावर मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोलले, पण कागद आज घेतला. हरीच्या उशाशी ताडीचं मडकं पाहून आले म्हणून. तुझा जोडीदार हरी रे! धामणकर नाक्याच्या कापडाच्या कारखान्यात लूमवरून धावता धोटा सुटला आणि त्याच्या कानशिलावर बसला. तुला बसला होता तसाच! काल इस्पितळातून घरी आला. दारूला शिवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

त्याची आई, आपली मथुराकाकी, म्हणते, "लेकाचं डोकं तापलंय बाय, ताडी थंड हाय."

तूही असंच म्हणायचास! "डॉक्टरनी दारू बंद केली हाय, ताडी न्हाय!" आणि सगळं घर हसायचं. आपल्या दिघाशीत ताडीला दारू कोण म्हणतं?

आधी मडकं रिचवून बांधावरून सरळ चालत यायचास. डोक्याला मार बसल्यावर एका पेल्यात उंबऱ्याला अडखळायला लागलास. पेला खाली ठेवलास की लगेच विचारायचास, "बाय, आज ताडी न्हाय आणली?" मला वाटायचं, लबाडी करतोस. लबाडी नव्हती रे! तुला खरंच आठवत नव्हतं. मग झटके सुरू झाले. तेव्हा तरी माझं ऐकायचं होतंस!

शेतात सापडलास तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं. तेवढ्यात कोण बुडतं का? तू पालथा होतास, हात झटक्याने आखडलेले, तोंडाला ताडीचा वास. आईने गावाला सांगितलं, "पाय घसरला." काकीलाही तेवढंच ठाऊक. ताडीचं आणि झटक्याचं कुणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं.

आज हरी मला पाहून छान हसला. "कधी आलीस बाय?" पाणी प्यायला, तोंड पुसलं, पुन्हा हसला. "कधी आलीस बाय?"

"चेष्टा करतोय मेला!" काकी लाडाने म्हणाली.

मी मडकं उचलायला गेले, तर फणकारली, "तुझ्या भावाला मिळत व्हती, माझ्या लेकाला नको काय?"

हरीचा हात तोवर मडकं चाचपायला लागला होता.

उद्या ताडीवाला झाडावरून उतरायच्या आत मी तिच्या दारात बसेन. आईचा शब्द मोडेन. तू कसा गेलास, ते जसंच्या तसं सांगेन. चार लोकांत तुझं नाव खराब झालं तर होऊ दे रे! तुझा हरी मी पालथा पडू देणार नाही, हे माझं तुला वचन.

अजून रागावलेली,
तुझी थोरली बाय