क्लच जड आहे

११ नोव्हेंबर, मंगळवार

निघालो एकदाचे! पाचला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेसातला. कारण काय, तर टायरमधली हवा तीनदा तपासायची होती. चौतीस वर्षं यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण स्वतः कधी वेळेवर निघाले असतील तर शपथ!

पोराच्या गावापर्यंत आठशे ऐंशी किलोमीटर. मोटरसायकल बावीस वर्षांची, हे बासष्टचे, मी एकोणसाठची. सगळाच जुना माल.

पोरगा कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. जिन्याला कठडा नसेल तर तो कुणाच्या घरी वरसुद्धा जात नाही. म्हणून त्याला आम्ही साहेब म्हणतो. तर साहेबांची अट अशी — "वाटेत गाडीपायी एकदा जरी मला बोलवावं लागलं, तर गाडी विकायची." हे म्हणाले, "कबूल. आणि आमचे आम्ही पोचलो, तर विकायचं नाव पुन्हा काढायचं नाही."

मग साहेबांनी मला वेगळा फोन केला. "आई, बाबा जीव गेला तरी फोन करायचे नाहीत. गाडीने जरा त्रास दिला की तू करायचा." करते म्हटलं. म्हणजे मी मागच्या सीटवरची खबरी! खरं सांगायचं तर गाडी गेली तर मला दुःख नाही. अंगणातली निम्मी जागा तीच अडवून बसली आहे.

शंभर किलोमीटर झाले नाहीत तोच सुरुवात — "क्लच जड झालाय गं."

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर एकच पालुपद. क्लच जड आहे, क्लच जड आहे. प्रत्येक चौकात गाडी गचका देऊन बंद! एका मोठ्या चौकात तर भर मधोमध. मागे बस, बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. यांनी उतरून गाडी ढकलली, मी मागून पिशव्या सांभाळत. सगळा चौक आमच्याकडे बघत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रस्त्याच्या कडेला थांबून केबलला तेल घातलं. फरक नाही. हँडलपाशी स्क्रू फिरवून ती सैल केली. फरक नाही. घट्ट केली. छे!

लॉजवर आल्यावर म्हणाले, "जरा बटणं काढ गं शर्टाची. थंडीने बोटं आखडलीत."

थंडी? मी पंखा लावून बसले होते.

फोन करणार होते. हातात घेतलाही होता. पण हे समोरच बसलेले, म्हटलं उद्या गॅरेजमध्ये काय म्हणतात ते बघू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजचं सगळं नीट लिहायचं आहे, विसरता कामा नये.

सकाळी गॅरेज सापडलं. मिस्त्री पन्नाशीचा, जाडजूड, बोलता बोलता स्वतःच हसणारा. दुकानात एकटाच. त्याने क्लचची केबल बदलली, कव्हर उघडून आतल्या प्लेटा बघितल्या, सगळं परत बसवलं. मग करंगळी आणि शेजारचं बोट, एवढ्यानेच डाव्या हँडलवरचा क्लचचा लिव्हर दाबून दाखवला. "घ्या दादा. लोण्यासारखा!"

हे बसले. दाबला. कपाळावरची शीर फुगली. म्हणाले, "अजून जडच आहे."

मिस्त्री हसायचा थांबला. त्याने पुन्हा लिव्हर दाबून बघितला. मग हात पुसत माझ्याकडे आला. "ताई, गाडीला काही नाही. त्यांचा डावा हात दाखवा कुणाला तरी."

एका क्षणात सगळं लख्ख झालं. बटणं. गेल्या आठवड्यात हातातून सुटलेला चहाचा पेला. आणि दुकान! मागच्या वर्षी दुकान बंद केलं ते "डोळे थकले" म्हणून. डोळे कुठले थकले — अजून पेपरातली बारीक जाहिरात चष्म्याशिवाय वाचतात! डाव्या हातात घड्याळ धरवत नव्हतं. मागच्या वर्षी डोळ्यांवर ढकललं, या वर्षी क्लचवर. आणि मी एकाच घरात राहून आंधळी!

राग आला. इतका राग आला की तिथेच ओरडणार होते. फोन काढला, साहेबांचा नंबर लावला — फक्त हिरवं बटण दाबायचं बाकी होतं. समोर बघितलं तर हे रुमालाने आरसा पुसत होते. एकाच हाताने. डावा हात खिशात, लपवल्यासारखा.

नाही केला फोन.

जवळ गेले आणि म्हटलं, "अहो, क्लच खरंच जड आहे हो. मिस्त्रीलाही जमेना. मी दाबू का मागून?"

हे म्हणाले, "तू?"

"मी डावखुरी आहे. तीस वर्षं टपाल कार्यालयात याच हाताने शिक्के मारलेत!" लहानपणी या हातावर पट्टी खाल्ली, लग्न ठरवताना आईने तो पदराखाली लपवायला सांगितला. आज पहिल्यांदा कुणाला तरी त्याची गरज पडली.

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत तालीम. मी मागून त्यांच्या काखेखालून हात घातला, त्यांची बोटं लिव्हरवर आणि त्यावर माझी. पहिल्यांदा गाडी बंद. दुसऱ्यांदा बंद. तिसऱ्यांदा बेडकासारखी उडी मारून बंद, आणि माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर खाडकन! मिस्त्री पोट धरून हसतोय. म्हणाला, "ताई, सोडताना हळू! शिक्का नाही मारायचा!"

मग यांनी युक्ती काढली. घड्याळजीच ते! टिक म्हणजे दाब, टॉक म्हणजे हळूहळू सोड. टिक — टॉक. पाचव्यांदा गाडी सरळ निघाली. मी किंचाळलेच!

दुपारनंतर एकशे चाळीस किलोमीटर. एकदाही बंद पडली नाही. एकदाही!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षर बघा काय झालंय. लिहायचा हात तोच आणि क्लचचाही तोच! मनगट ठणकतंय. पण लिहिणारच.

आज घाट चढलो! बावीस वळणं, मी मोजली. अर्ध्या घाटापर्यंत हे टिक-टॉक म्हणत होते, मग माझ्या लक्षात आलं, मला आधीच कळतंय. इंजिन कण्हायला लागलं की हात आपोआप वळतो. त्यांनी ॲक्सिलरेटर सोडला की मी दाबलेलाच! शेवटच्या सात वळणांत एक अक्षर बोललो नाही दोघं. एकतीस वर्षांच्या संसारात एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

माथ्यावर चहाला थांबलो. एका ट्रकवाल्याने आम्हाला वर येताना बघितलं होतं. म्हणाला, "काका, गाडी नक्की चालवतंय कोण?"

दोघंही एकदमच म्हणालो, "मी!"

चहा नाकातून यायचा बाकी होता माझ्या. खालची दरी, वारा, आणि मी आजवर मागे बसून फक्त यांची पाठ बघत आले होते! आज रस्ता बघितला. गाडी विकायची म्हणे. कुणी हात तर लावून बघू दे!

हाताचं मात्र पोचल्यावर बोलायचं, डॉक्टरकडे न्यायचंच. तोवर क्लच जड आहे. बिचाऱ्यांना तेवढं तरी राहू दे.

संध्याकाळी मी अंघोळ करून आले तर हे लॉजच्या गच्चीवरून उतरत होते. म्हणे, उद्याचा रस्ता विचारत होतो. गच्चीवर कुणाला विचारतात रस्ता?

१५ नोव्हेंबर, शनिवार

पोचलो! पोचलो! पोचलो!

साडेचारला साहेबांच्या दारात. तो खाली येऊन उभाच होता. आम्ही त्याच्यासमोर वळण घेतलं, टिक, आणि अगदी त्याच्या चपलेपाशी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं ते किल्लीने, गचक्याने नाही!

हे उतरले, हेल्मेट काढलं. "मोज. फोन किती आले?"

साहेब म्हणाला, "गाडीसाठी एकही नाही." आणि माझ्याकडे बघून, "खबऱ्याचाही नाही!"

"खबऱ्या कामात होता," मी म्हटलं.

हे छाती काढून जिना चढले. साहेब गाडी सावलीत लावायला घेऊन गेला. परत आला तो चेहरा ताणून म्हणतो कसा, "बाबा, क्लच फारच जड आहे हो. कसे आलात एवढ्या लांब?"

मी बघतच राहिले. मिस्त्रीने दोन बोटांनी दाबलेला लिव्हर! एवढा धट्टाकट्टा पोरगा आणि त्याला जड? विचारणार होते, पण यांचा चेहरा इतका खुलला होता की गप्प बसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

झोपले दिवसभर. हात सुजलाय. झकास वाटतंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साहेब म्हणाला, माझी पाठ दाखवायची आहे डॉक्टरांना, तुम्हीही चला. गेलो. तिथे नाव पुकारलं ते यांचं! आणि हे मुकाट उठून आत गेले.

कोपरापाशी नस दबली आहे. इतकी वर्षं टेबलावर कोपर टेकून घड्याळं दुरुस्त केली, त्याचं फळ. छोटं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, ताकद बरीचशी परत येईल, पण वेळ लागेल.

कागदावर वेळ घेतल्याची तारीख होती, १४. घाटाचा दिवस! साहेबांना बाहेर व्हरांड्यात गाठलं. आधी टाळाटाळ केली, मग बोलला. "बाबांनीच फोन केला होता संध्याकाळी. गाडीसाठी नाही, हातासाठी. मी म्हटलं तिथेच थांबा, कार घेऊन न्यायला येतो. तर म्हणाले, 'खबरदार आलास तर! तुझी आई आज घाटात मोठमोठ्याने हसत होती. उद्याचा दिवस मला हवाय. आणि तिला सांगू नकोस, तिला वाटतंय मला क्लचच जड वाटतोय.'"

म्हणजे ते माझ्यासाठी नाटक करत होते आणि मी त्यांच्यासाठी! आणि त्या गाढवाने तर क्लच जड म्हणून आम्हा दोघांसाठी!

व्हरांड्यात सगळ्यांसमोर रडले. मग आत जाऊन यांच्याशेजारी बसले आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. हे म्हणाले, "परत कसं जायचं गं आता? दोन महिने तरी हात उचलता येणार नाही."

उद्यापासून साहेब मला बिल्डिंगमागच्या मैदानात गाडी शिकवणार आहे. पुढच्या सीटवर मी. क्लच एकदम हलका आहे.