हाताची घडी घातली म्हणून गैरहजर

दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
माणदेश बालकौशल्य मंडळ,
सांगली.

विषय : हजर असलेल्या व जिंकलेल्या विद्यार्थिनीस गैरहजर दाखविल्याची नोंद दुरुस्त करून तिला गुरुवारच्या अंतिम फेरीस बसू देणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) माझे पूर्वीचे तीन अर्ज, जे आपणास पोहोचले आहेत.
२) आपली तीन उत्तरे, जी मला पोहोचली नसती तर बरे झाले असते.

महोदय,

मी, आकाराम ज्ञानू बाबर, फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेला हवालदार, सध्या मौजे हालगेवाडी, ता. जत येथील माध्यमिक शाळेत मुलांना संगणक शिकवितो. शाळेत संगणक एक आहे व मुले एकेचाळीस आहेत. तरीही ती शिकतात. माझी ही तक्रार संगणकाविषयी नसून माणसांविषयी आहे.

आपल्या मंडळाने सातारा व सांगली जिल्ह्यांतील मुलांस प्रोग्रॅमिंग शिकविण्यासाठी 'मेंढरं-पाणी' हा संगणकावरील खेळ काढला. खेळ उत्तम आहे. मंडळात कोणीतरी शहाणा मनुष्य होता व खेळ तयार होताच त्याची बदली झाली, असा माझा अंदाज आहे. पडद्यावर चौकटींचे माळरान असते. दोन्ही बाजूंस बारा-बारा मेंढरे. पाण्याचा टँकर कधी इथे उभा राहतो, कधी तिथे; कधी भरलेला, कधी रिकामा. मेंढरांनी केव्हा चालायचे, केव्हा थांबायचे, पाणी दिसल्यास काय करायचे, हे सर्व हुकूम मुलाने आधीच लिहून द्यायचे. एकदा खेळ सुरू झाला की मुलाचे काम संपले. दोनशे चालींनंतर ज्याची जास्त मेंढरे जिवंत, तो जिंकला. आपल्याच नियमपुस्तिकेत, पान तीनवर, सातवा नियम छापलेला आहे : "खेळ सुरू झाल्यावर खेळाडूने कोणत्याही बटणास हात लावू नये." पुस्तिका आपल्या कार्यालयात कोणी उघडली असल्याचे दिसत नाही. म्हणून सोबत जोडली आहे व पान तीन दुमडून ठेवले आहे.

हा नियम मुलांच्या अंगवळणी पडावा म्हणून मी वर्गात एक शिस्त लावली. खेळ सुरू झाला की हाताची घडी, तोंडावर बोट. फौजेत मी हेच शिकलो. हुकूम नीट दिला असेल तर देणाऱ्याला मागे पळावे लागत नाही, आणि नीट दिला नसेल तर पळून उपयोग नसतो.

इयत्ता नववीतील कु. आयेशा रहिमान नदाफ हिने ही शिस्त सर्वांत चांगली पाळली. हाच तिचा गुन्हा ठरला. तिचे वडील गाद्या भरण्याचे काम करतात. घरातले पाणी तिची आजी हुसेनबी व ती भरतात. गावात टँकर आला की हुसेनबी सगळ्या घागरी रांगेत ठेवून देते आणि आयेशाला पुढे पिटाळते : "बघून ये गं, पानी हाय का नुसताच गाडा आलाय." आयेशाने हेच खेळात उतरविले. इतर मुलांची बाराच्या बारा मेंढरे दिसेल त्या टँकरकडे धावत सुटतात आणि तो रिकामा निघाला की तिथेच जीव सोडतात. आयेशाचे एक मेंढरू पुढे जाऊन बघते, अकरा जागेवर थांबतात. बेचाळीस ओळींचे हे हुकूम तिने अडीच महिन्यांत लिहिले. त्यातली एकही ओळ माझी नाही. मला सुचलीही नसती.

दि. ११ जानेवारी रोजी तिचा सामना लोणंदच्या कु. पूजा हिच्याशी झाला. परीक्षक होते आपले श्री. दिग्विजय डुबल. खेळ सुरू झाला. आयेशाने हाताची घडी घातली. पहिल्या तीस चाली तिची अकरा मेंढरे जागची हलली नाहीत. डुबलसाहेबांनी एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा मुलीकडे पाहिले, निकालपत्रकावर "संगणक बंद, विद्यार्थिनी निष्क्रिय, सबब गैरहजर" असे लिहिले आणि ते चहाला गेले. ते परत आले तेव्हा आयेशाची अकरा मेंढरे पाणी पीत होती व पूजाचे एकही उरले नव्हते. मात्र पूजा घाबरून सारखी बटणे दाबत होती. त्या बटणांचा खेळाशी काडीचाही संबंध नव्हता. साहेबांनी तिला "तडफदार" असा शेरा देऊन विजयी केले. ती पोर प्रामाणिक. भर हॉलमध्ये म्हणाली, "आवं सर, माझी समदी मेंढरं मेली की! जिकली ती." साहेबांनी तिला खाली बसविले. त्या हॉलमध्ये खेळ कळत नव्हता असा एकच इसम होता आणि निकाल त्याच्या हातात होता.

माझ्या पहिल्या अर्जावर आपण विद्यार्थिनी हजर असल्याचा पुरावा मागितला. मी हजेरीपटाची प्रत पाठविली, त्यावर तिची सही आहे व सहीखाली खुद्द डुबलसाहेबांची सही आहे. गैरहजर मुलीच्या सहीखाली त्यांनी सही कशी केली, हे त्यांना विचारण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

दुसरा अर्ज, विषयात 'खेळ' हा शब्द असल्यामुळे, आपल्या क्रीडा कक्षाकडे गेला. त्यांनी मैदानाची लांबी-रुंदी व आयेशा धावण्यास तंदुरुस्त असल्याचा डॉक्टरी दाखला मागितला. मी कपाळाला हात लावला, पण दाखलाही पाठविला. मुलगी ठणठणीत आहे. मैदानाची लांबी चौदा इंच कळविली.

तिसऱ्या अर्जात माझ्या हातून 'मेंढरे' हा शब्द गेला. तो अर्ज पशुपालन कक्षाकडे रवाना झाला व चोवीस मेंढरांच्या लसीकरणाचे दाखले मागविण्यात आले. मला वाटले, कोणीतरी थट्टा करतो आहे. परंतु दि. ६ फेब्रुवारी रोजी श्री. जोतीराम नावाचे निरीक्षक जीपमधून शाळेत आले. मी त्यांना संगणक दाखविला. त्यांनी त्याच्या पाठीमागे जाऊन पाहिले. मग चहा घेतला आणि लिहून दिले : "प्रत्यक्ष पाहणीत मेंढरे आढळून आली नाहीत." त्या आधारे आपण दि. १२ च्या पत्राने कळविता की, मेंढरेच नसल्याने सदर सामना झाला असे मानता येत नाही. मग पूजा कोणता सामना जिंकली, साहेब? की आपली मेंढरे लोणंदला असतात आणि जतला आली की नाहीशी होतात?

मी डोंगरावर बर्फात बसून तुटलेल्या तारा जोडल्या आहेत. बावळट अधिकारी मी तिथेही पाहिले. पण त्यांना निदान स्वतःला कळत नाही एवढे कळत होते. आपल्या कार्यालयात तीही सोय नाही.

एवढे असूनही मी लिहितो, कारण अंतिम फेरीतील पहिल्या सहा मुलांना सांगलीत राहून दोन वर्षे शिकता येणार आहे, आणि आयेशाला तिथे जायचे आहे. दुसरा रस्ता तिच्यापुढे नाही. निकालानंतर चार दिवस ती संगणकाकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी आली आणि मला म्हणाली, "सर, म्होरल्या बारीला मी बी नुसती बटणं दाबत बसू का?" हुसेनबीने तर मला तोंडावर सुनावले, "पोरीला गप बसाय तुमीच शिकीवलं न्हवं? मग आता तुमी का गप?" म्हातारीचे बरोबर आहे. मला स्वतःची लाज वाटली. मुलीला मी खरे शिकविले आणि त्याच खऱ्यापायी तिचे नुकसान झाले, यासारखी चीड दुसरी नाही.

तरी विनंती की, 'गैरहजर' हा शब्द खोडून 'विजयी' लिहावे. एका शब्दाचे काम आहे. त्यास जीप लागत नाही.

उत्तर न आल्यासही गुरुवार, दि. २० रोजी सकाळच्या पहिल्या एसटीने आयेशा, हुसेनबी व मी सांगलीस येत आहोत. आत घेतले तर आयेशा संगणकासमोर बसेल. नाही घेतले तर आपल्या दारासमोरच्या पायरीवर बसेल. दोन्हीकडे ती हाताची घडी घालूनच बसणार आहे. तिला बटणे मी दाबू देणार नाही. या वेळी तिला गैरहजर लिहिण्यापूर्वी कृपया एकदा खाली वाकून बघावे.

आपला, अजून तरी नम्र,

(सही)
आकाराम ज्ञानू बाबर
हालगेवाडी, ता. जत

सोबत :
१. नियमपुस्तिका, पान तीन दुमडलेले.
२. हजेरीपटाची प्रत, दोन्ही सह्यांसह.
३. कु. पूजा हिने लोणंदहून स्वतःहून पाठविलेले पत्र : "मी हरले आहे. माझ्या जागी तिला घ्या."
४. आयेशाचे हुकूम, ओळी बेचाळीस. पुढच्या टेबलाकडे सरकविण्यापूर्वी वाचावेत.