साडूच्या खुर्चीसमोरची भिंत

३ मार्च, सोमवार
काल साडू येऊन गेला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयाने लहान, आवाजाने मोठा. आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, साडूभाऊ, इथं चहा प्यायचा की इंजेक्शन घ्यायचं? सगळे हसले. बायको सर्वांत जास्त वेळ हसली.
आज सकाळी ती कप उचलून बाल्कनीत गेली. आत गार वाटतं, म्हणाली. सतरा वर्षं आम्ही सकाळचा चहा आतल्या टेबलाशी घेतो. गेला महिनाभर ती अधूनमधून बाहेर जायची, पण ते पाय मोकळे करायला. आजचं जाणं साडूमुळे.
ठरवलं. कपाटांसमोरची भिंत रंगवायची. उबदार. कपाटं ऑफ-व्हाइटच राहतील, ती माझी निवड आहे. ३० तारखेला साडूला बोलवायचं. भिंतीकडे तोंड करून बसवायचं. त्याने चूक कबूल करायची. मोठ्याने.

४ मार्च
बायको म्हणाली, भिंत राहू द्या, आधी ती ट्यूब काढा.
ट्यूब मी गेल्या महिन्यात लावली. लख्ख पांढरी. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे दिवसाही लावावी लागते. तिच्या उजेडात डाळीतला खडा दारातून दिसतो. साडूकडे पिवळा बल्ब आहे. तिथे खडा दाताला कळतो.
ट्यूबचा विषय संपला.

६ मार्च
रंगाच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, ऑफ-व्हाइट म्हणजे कुठला? पिवळट, गुलाबी की करडा? म्हणालो, ऑफ-व्हाइट म्हणजे ऑफ-व्हाइट. तो म्हणाला, मग कपाटच घेऊन या. सूर आवडला नाही. याचाही हिशोब नंतर.

७ मार्च
कपाटाचं एक दार काढून दुकानात नेलं. बसमध्ये दोघांना लागलं. दुकानदार म्हणाला, पिवळट. हेच मी काल म्हणणार होतो.
परत आल्यावर बिजागरीचे स्क्रू सापडेनात. दार भिंतीला टेकवून ठेवलं आहे. तात्पुरतं.

९ मार्च
भिंतीवर चार पट्टे मारले. पीच, मध, बदामी, विटकरी. ट्यूबखाली पीच राखाडी दिसतो. मध आजारी. बदामीला चेहराच नाही. विटकरी जरा तग धरतो. हल्लीच्या रंगांत दम नाही.
बायको म्हणाली, चार पेशंट ओळीने झोपवलेत.
तिला हे कोण शिकवतं, ते मला ठाऊक आहे.

१२ मार्च
रंगारी आला. म्हातारा, भुवयांवर जुना चुना. ट्यूब बंद केली, शेड कार्ड खिडकीशी नेलं, परत आला. म्हणाला, साहेब, पीच चांगला आहे. ट्यूब तेवढी बदला.
विचारलं, माझ्या साडूला ओळखता का? कोण साडू, म्हणाला. विचारताना नको इतका निरागस दिसला.
घालवून दिला. भिंत मी स्वतः रंगवणार.

१५ मार्च
रंग मिळाला. कार्डावर अगदी शेवटचा, गडद नारिंगी. ट्यूबखाली पिकल्या जर्दाळूसारखा. दुकानदार दोनदा म्हणाला, नक्की? दोनदा म्हणालो, नक्की.
साडूने काय बोलायचं ते लिहून ठेवलं: 'मी चुकलो. हे आता घर वाटतं.' तीनदा म्हणून पाहिलं. त्याच्या तोंडी शोभेल.

१९ मार्च
भिंत झाली. कडेला चिकटपट्टी लावली नाही. हातावर विश्वास नसलेले लोक लावतात. स्विचबोर्ड नारिंगी झाला. कपाटांवर अकरा ठिपके. दुरून दिसत नाहीत. ट्यूबखाली दिसतात.

२२ मार्च
बायको बहिणीकडे गेली. रंगाच्या वासाने डोकं धरलं म्हणे. फोन केला तर मागे हसणं ऐकू आलं. काय चाललंय विचारलं. चहा, म्हणाली. स्वयंपाकघरात बसलोय सगळे.
हसा. आठ दिवस उरलेत.

२७ मार्च
बायको परतली. भिंत पाहिली. एक शब्द बोलली नाही. पहिला विजय.
मग कप घेऊन बाल्कनीत गेली. सवय मोडायला वेळ लागतो.

२९ मार्च
साडूची खुर्ची नेमक्या जागी ठेवली. स्वतः बसून पाहिलं. दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी. परिणामकारक.

३० मार्च, रविवार, दुपारी १
आले. साडू खुर्चीत बसला. मी वाट पाहतो आहे. मेहुणी म्हणाली, भावजी, डोळे दिपले हो. कौतुकाची सुरुवात घरातूनच झाली.
साडू भिंतीकडे बघतच नाही. वर बघतो आहे.

३० मार्च, दुपारी ३
साडू माझ्याच खुर्चीवर चढला. ट्यूब काढून माझ्या हातात दिली. खिशातून पिवळा बल्ब काढला, शेजारच्या जुन्या होल्डरमध्ये बसवला. बल्ब आणायला बायकोने सांगितलं होतं. बहिणीकडे. त्या चहाच्या वेळी.
दिवा लागला. कपाटं लोण्यासारखी दिसू लागली. मान्य करतो. भिंत मात्र पेटली. सगळ्यांनी एकदम डोळ्यांवर हात धरले. साडू म्हणाला, साडूभाऊ, ताई सांगत होत्या ते खरंच, स्वयंपाकघर छानच आहे. एवढी भिंत तेवढी पांढरी करून टाका.
तिघांनी खुर्च्या फिरवल्या, भिंतीकडे पाठ केली आणि चहा घेतला. बायको आत बसली होती. महिन्याने. मी उभा होतो. ट्यूब कुठे ठेवावी ते सुचेना.

३१ मार्च, सकाळी
बायकोने चहा आत ठेवला. दोन कप. भिंतीकडे पाठ करून बसली. मला म्हणाली, बसा ना.
तिच्यासमोर एकच खुर्ची होती. साडूची. बसलो. भिंत समोर. पाच मिनिटांत डोळे भरून आले.
तिने विचारलं, अहो, काय झालं?
पाठ होतं ते म्हणालो. मी चुकलो. हे आता घर वाटतं.
तिने चहा संपवला. मग म्हणाली, बरं. आता ते कपाटाचं दार लावा.