कोहळं घेऊन चिखलदऱ्याले

ता. ४ मे, शनिवार
ठरलं एकदाचं. कोहळं घेऊन मीच चिखलदऱ्याले जाईन. हे, माहे घरधनी, कबूल झाले. आत्याबाई नाई झाल्या, पण नाई असंही म्हटलं नाई. सासूच त्या, लगेच हो म्हणल्या तं सासू कायच्या!

मागच्या सालची गोष्ट डोक्यातून जातच नाई. आमचंच कोहळं एका बंगल्याच्या खानसाम्यानं बाजारातून नेलं. चि.दऱ्याले सीझनमंदी भाजी-फुलाचं प्रदर्शन भरते, तिथी त्याले पयला नंबर. कोनाच्या नावानं? बंगल्याच्या मडमीच्या! खानसाम्यानंच हासत हासत सांगतलं, मेल्यानं. आळं केलं मी, शेणखत घातलं मी, नर फूल खुडून मादी फुलावर फिरवलं मी, अन् कार्डावर नाव तिचं. यंदा माह्यंच नाव पायजे. बस.

ता. ६, सोमवार
पहाटे बंडीले बैल जुतले. कडब्याची गादी करून त्यावर कोहळं. दोघांनी उचललं तरी कंबर धरली. शेजारीण म्हणे, नवरदेव निघाला का वो?

निघता निघता आत्याबाईनं हात धरला. "कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक. बाईमाणसानं त्याले पयली सुरी लावू नोये, थोरल्या लेकावर येते. कापाचं काम पडलं तं त्याले लावू दे." घरचा थोरला लेक म्हणजे हेच. मी हो म्हटलं. प्रदर्शनात पाहाचं असते, कापाचं काम कायले पडते?

ता. ८, बुधवार. परतवाडा
बंडी, बैल ह्यायच्या मावसभावाकडे ठेवले. उद्या मोटर. ड्रायव्हर म्हणे कोहळं टपावर टाका. मी म्हटलं, मंग मलेही टपावरच बसवा. मंग आत ठेवा म्हणे.

ता. ९, गुरुवार. चिखलदरा
आलो वर! हाडं खिळखिळी झाली, पण आलो.

जंगलाच्या नाक्यावर शिपायानं पोतं उघडाले लावलं. "जंगलातून काय नेता?" मी म्हटलं, जंगलातून नेत नाई दादा, जंगलात नेऊन राह्यलो. हे खोकलले. मी जास्त बोलली का ह्यायले खोकला येते.

चढावर मोटर थकली, सगळ्यायले उतरवलं. रस्त्याच्या धुळीत वाघाचे पंजे, ताटलीएवढे. ड्रायव्हर म्हणे सकाळचेच हायेत. मंग कोनीच मांगं राह्यलं नाई, मोटरीच्या आंगी लागूनच चालले सगळे. एका कोरकू बाईनं रानातले मूठभर टेंभुर्णं खाले देल्ले. तिची बोली मले समजत नाई, माही तिले नाई. दोघी हासलो.

वर आलो अन् उन्हाळा खालीच राह्यला. मे महिन्यात वाकळ! दरीच्या काठाशी गेली तं पायाखाली घारी उडून राहिल्या होत्या. घारीची पाठ जन्मात पयल्यांदा पाह्यली. किती वेळ उभी होती कोन जाणे. ह्यायनं पदर धरून मांगं ओढलं.

ता. १०, शुक्रवार
तंबूत नाव लिवाले गेलो. कारकून पुण्याकडचा, आमच्या कोहळ्याले लाल भोपळा म्हणे.
"घरधन्यांचं नाव सांगा."
"घरधनी हे उभे हायेत. पण कोहळं माह्यं हाये."
"बाई, अशी पद्धत नाही."
"मंग मडमीचं काहून लिवता? तिले घरधनी नाई का?"
ह्यायले खोकला. कारकुनानं माह्याकडं असं पाह्यलं का जशी मी त्याले भांडाले आली. अन् लिवलं. वच्छलाबाई, गाव भातकुली. मी चार बुकं शिकली म्हणून वाचता आलं. तीनदा वाचलं.

मंग तो म्हणे, यंदा नवा नियम हाये. मागच्या वर्षी बाजारचा माल आणून लोकायनं बक्षिसं नेल्याची तक्रार झाली. म्हणून ज्याचं नाव, त्यानंच सगळ्यांसमोर आपल्या हातानं कापून दाखवाचं. दुसऱ्यानं सुरी लावली का बाद.

मले आत्याबाईले देल्लेला शब्द आठवला.

दुपारी देवीच्या देवळाजवळ बसलो. हे म्हणे, "नाव बदलून माह्यं लिवू. कापतो मी. घर एकच हाये नं?" हे बरोबरच बोलून राह्यले होते, म्हणून जास्तच राग आला. घर एक हाये तं मडमीचं नाव आलं तवाही म्हणाचं होतं, गाव एकच हाये! मी बोलत गेली, हे आयकत गेले. शेवटी रडलीच.
"तुमाले काही झालं तं?"
"मी का वेलाले लागलो होतो?"
हासू आलं रडता रडता. पण ह्यायच्या पायाकडंच पाहात बसली. किती चांगला माणूस. आत्याबाईचा एकुलता थोरला.

जेवली नाई.

ता. ११, शनिवार
पयला नंबर!!

पयला! पयला!

आता सुदं लिवते.

सहा कोहळे होते. मागच्या सालच्या मडमीनंही मांडलं होतं, मांगं तिचा माळी मान खाली घालून. नंबर देणारी दुसरी, म्हातारी मडम, मोडकी हिंदी बोलणारी. तिनं ह्या मडमीले इचारलं, कितने दिन का है? हिनं वळून माळ्याकडं पाह्यलं. माळ्यानं बोटं मोजली. म्हातारी पुढं सरकली.

माह्यापाशी आली. किसने लगाया? मी म्हटलं, हमने. कैसे? मंग काय, बाप्पा! हातानं करून दाखवलं. ये नर, ये मादी, ऐसा घिसना, सूरज निकलने के पहले. कारकून लाजला, म्हातारी नाई लाजली. वाकून वाकून पाहात होती. फिरसे बताओ, म्हणे.

मंग सुरी.

हे दोन पावलं पुढं आले. हात पुढं केला. कारकून कार्ड खोडाले तयारच होता, टाक शाईत बुडवून. मी कार्डाकडं पाह्यलं, मंग ह्यायच्याकडं. म्हटलं, "तुमी मांगं सरा." सरले. होकाराची मान हालवली. थे मान हालवणं मी मरेपर्यंत इसरणार नाई.

कोहळ्यावर हात ठेवून म्हटलं, बावा, राग धरू नको, पोसलं मी हाये. अन् लावली. अर्ध्यात सुरी अडकली. गुडघा टेकवला, जोर लावला, फाटकन दोन फाकी! असा केशरी गर का म्हातारी "ओ" म्हणली. बी भरदार, पाणी थेंबभर नाई. बाकीच्या पाचात एक पांढरट, दोन पाणचट. मडमीचं आतून पोकळ. हसाले नोये, पण हासली.

पयला नंबर म्हणल्यावर हे असे ओरडले का कारकुनाच्या हातून टाक पडला. मडमीचा माळी येऊन ह्यायले हळूच म्हणे, बाईले सांगा, लय झ्याक झालं. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मले समजलं काहून होतं थे.

नाव खोडलं नाई. कार्ड माह्या पोलक्यात हाये.

ता. १२, रविवार
उतरून राह्यलो. मोटरीच्या अड्ड्याकडं चालता चालता ह्यायले दगडाची ठेच लागली, अंगठ्यातून रक्त. माहा जीवच गेला! बसवलं, चिंधी बांधली, रडाले लागली. तं हे मुद्दाम लंगडत चालले अर्धा कोस, अन् मी रडाले लागली का हासत. भैताड माणूस! पण मोटरीत दाराजवळ बसू देल्लं नाई. शिंक आली तरी तोंडाकडं पाह्यते मी.

खुशी अशी का पोटात मावत नाई, अन् भेव बी तितकंच. दोन्ही एकाच पोटात.

ता. १४, मंगळवार. घर
आत्याबाई ओट्यावर. कार्ड वाचून दाखवलं. "तुह्यं नाव कुठी हाये?" बोट ठेवून दाखवलं. त्यायनं नावावरून बोट फिरवलं.
मंग, "सुरी कोनं लावली?"
लबाडी करता आली असती. हे तोंड उघडतच होते. मी म्हटलं, म्या.
आ.बा. उठल्या. ह्यायच्या तोंडावरून, खांद्यावरून हात फिरवला. अंगठ्याची चिंधी पाह्यली. "जेवला का?" इतकंच इचारलं अन् आत गेल्या. कार्ड घेऊन गेल्या.

ता. १५, बुधवार
कालपासून माह्याशी एक अक्षर नाई. भाकर मी केली, जेवल्या, ताट सारलं.

सकाळी विहिरीवर गेली तं बायायचा घोळका. मधात आ.बा. अन् हातात माह्यं कार्ड! नावावर कुंकू लावलेलं. "साहेबाची मडम हिले दोनदा इचारे, फिरसे बताओ म्हणे." हे मी सांगतलं नाई त्यायले, ह्यायनंच सांगतलं अशीन. मी पाळीजवळच थांबली.

शेजारीण म्हणे, "अन् कापलं कोनं वो? तुह्या लेकानंच नं?"
आ.बा.नं कालपासून पयल्यांदा माह्याकडं पाह्यलं.
"तिचं नाव हाये," म्हणल्या. "तिलेच इचारा."
सगळ्या वळल्या. मी घागर खाली ठेवली अन् पदर खोचला.