पल्लवीचं नाक

मंगळवार, संध्याकाळ. शेंदूरजनाघाट

आज आमच्या पल्लवीला घेऊन अमरावतीला गेलो, नाकाच्या डॉक्टरांकडे. मनातून नाराजच होतो. तिचं नाक माझ्यावर गेलंय, मधोमध उंचवटा. म्हणजे माझं नाक इतकं वाईट आहे का? तरी म्हटलं, ऑपरेशन करायचंच तर पाहुणे बघायला यायच्या आधी उरकून टाकू.

डॉक्टर म्हणाले, सूज पुरती उतरायला वर्षही लागतं. आम्ही बागेतल्या संत्र्याला चकाकीसाठी मेण लावून लगेच पेटीत भरतो, तसंच वाटलं होतं मला.

पोरगी मात्र तयारीनं आली होती. श्वासाला त्रास होईल का, बिघडलं तर पुन्हा ऑपरेशन लागेल का, सगळं विचारलं. मग डॉक्टरांनी विचारलं, कोणासारखं नाक पाहिजे? मला वाटलं, आता मोबाइलमधून एखादी नटी निघते. तिनं माझाच फोटो पुढं केला.

"हा उंचवटा थोडा कमी करा. बाकी बाबांचंच राहू द्या. ओळखू आलं पाहिजे."

बाहेर आल्यावर म्हटलं, "अन् पाहुण्यांचं काय?"

"ज्याले घाई असन, त्यानं दुसरं घर पाहावं."

एसटीच्या काचेत माझं नाक पाहतच घरी आलो. वाईट नाही.