पालथा डोंगर

३ फेब्रुवारी

चि. खारूताई हिस अनेक आशीर्वाद.

तंबूत स्वेटरची गुंडाळी डोक्याखाली घेऊन झोपतेस, हे वाचून राहवलं नाही. सोबत उशी पाठवते आहे. तांब्यासाठी खडकात भोकं पाडणाऱ्या बाईची मान तरी सरळ राहावी.

एकाही भोकात धातू लागला नाही, महिनाअखेर तळ उठणार, असं लिहितेस. पहिलीत फ्रॉकच्या खिशात दगड भरून आणायचीस, आणि सिस्टर रागावल्या तर त्यातला सगळ्यात चांगला त्यांनाच द्यायचीस. तू अशी हार मानशील, हे मला पटत नाही. खोकला अंगावर काढू नकोस.

लोभ आहेच, तुझाही असू दे.

तुझी,
माईमावशी


१२ फेब्रुवारी

ती. माईमावशीस, सा. न.

उशी मिळाली. स्वेटरच्या दोन गुंडाळ्यांवर टाकली, तर तिचं पोट मधल्या फटीत खचलं आणि गोल पाठ वर राहिली. मी बघतच बसले.

इथला लाव्हा समुद्राच्या तळाशी निघालेला. पाण्यात तो असाच उशांसारखा थिजतो, पाठ वर आणि पोट खालच्या फटीत. हे पहिल्या वर्षाला शिकवतात आणि मला आत्ता आठवलं, म्हणून हसू नकोस. तशीच ओढ्यावर गेले, खडकावरचं शेवाळ खरवडलं. तिथल्या सगळ्या उशांची पाठ खाली! म्हणजे अख्खा डोंगरच पालथा झालेला. धातू लाव्ह्याच्या वर साचतो, म्हणून लाव्हा लागला की आम्ही थांबायचो. पण डोंगर पालथा, तर धातू लाव्ह्याच्या खाली असणार.

तळावरच्या साहेबांच्या टेबलावर गुंडाळ्या आणि उशी रचून दाखवली. ते म्हणाले, उशीच्या भरवशावर आजवर कुणाला भोक दिलेलं नाही. मग चिखलाच्या हातांनी स्वतःच ती उलटसुलट करून पाहिली आणि एक भोक दिलं. शेवटचं. चुकलं तर मी कायमची घरी.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
खारूताई


९ मार्च

चि. खारूताई हिस अनेक आशीर्वाद.

पेटी पोचली. लाव्ह्याखालून निघालेला तो दगडाचा दांडा केवढा जड, आणि पितळेसारखा पिवळा! शेजारच्या डॉक्टरीणबाईंना सोनं वाटलं. मी ऐटीत सांगितलं, तांब्याचं खनिज आहे, माझ्या भाचीने डोंगर उलटा वाचून काढलंय. तुझी आई असती, तर दांडा गल्लीभर मिरवून आली असती.

तळ उठत नाही, म्हणजे याही वर्षी तू घरी येत नाहीस. तुझी खोली झाडून ठेवली होती. असू दे.

उशी धुवायला पाठवलीस, पण साहेबांच्या बोटांचे ठसे मी तसेच ठेवणार आहे. दुसरी शिवते आहे. तिच्यावर मात्र झोप.

लोभ वाढता असू दे.

तुझी,
माईमावशी